किंमत-टप्प्यांचा फिल्टर: कामाच्या नोंदी

3 फेब्रुवारी

ऑनलाइन दुकानाच्या शोधनिकालांच्या डाव्या पट्टीतला किंमत-फिल्टर नव्याने करायचा आहे. सध्याचे टप्पे सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने लिहिलेले आहेत आणि प्रत्येक शोधाला तेच लागतात. ‘चार्जिंग केबल’ शोधलं की सगळा माल पहिल्या टप्प्यात, ‘लॅपटॉप’ शोधलं की सगळा शेवटच्या ‘व अधिक’मध्ये. दोन्ही वेळा फिल्टर असून नसल्यासारखा. टप्पे आलेल्या निकालांवरून, त्या त्या वेळी ठरले पाहिजेत.

एक अट आजच लिहून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाला ती लावायची आहे. टप्प्यासमोर 37 लिहिलं असेल, तर त्यावर क्लिक केल्यावर 37च वस्तू आल्या पाहिजेत. 36 नाही, ‘सुमारे 40’ नाही. टप्पे जरा ओबडधोबड असले तर लोक चालवून घेतात. आकडा खोटा निघाला तर सगळ्या पट्टीवरचाच विश्वास उडतो. रंग, ब्रँड, आकार यांच्यासमोरच्या आकड्यांकडेही मग कुणी बघत नाही.

4 फेब्रुवारी

कागदावर तपासण्यासाठी बारा किमतींचा छोटा संच घेतला. चलन महत्त्वाचं नाही, नुसते आकडे: 120, 149, 199, 199, 249, 299, 299, 349, 499, 999, 2,499 आणि 18,999. बहुतेक वस्तू स्वस्त, दोन-तीन महाग, एखादी अफाट महाग. दुकान कुठलंही असो, किमतींची रचना साधारण अशीच असते: डावीकडे गर्दी, उजवीकडे लांब शेपटी.

सगळ्यांना आधी सुचतो तो उपाय म्हणजे समान रुंदीचे टप्पे. किती टप्पे घ्यावेत यासाठी हर्बर्ट स्टर्जेसचं 1926 सालचं सूत्र आहे, ते बारा नोंदींना 5 सुचवतं. 120 ते 18,999 याचे पाच समान भाग केले की प्रत्येक भाग जवळजवळ 3,776 रुंद होतो. पहिल्या टप्प्यात 11 वस्तू, मधले तीन रिकामे, शेवटच्यात 1. म्हणजे आपण जिथून निघालो होतो तिथेच.

मग फ्रीडमन आणि डायाकोनिस यांचा 1981 सालचा नियम लावून पाहिला. तो रुंदी ठरवताना टोकाच्या किमतींकडे न बघता मधल्या निम्म्या नोंदींचा पसारा बघतो. आपल्या संचात पहिलं चतुर्थक (जिच्या खाली पाव नोंदी येतात ती किंमत) 199 आणि तिसरं (जिच्या खाली पाऊण नोंदी येतात ती) 624, अंतर 425. त्याची दुप्पट भागिले 12 चं घनमूळ, म्हणजे रुंदी 371 च्या आसपास. रुंदी अगदी समजूतदार आहे. पण तेवढ्या रुंदीने 18,999 पर्यंत जायचं तर 51 टप्पे लागतात. एका महागड्या वस्तूपायी एक्कावन्न ओळी.

हे दोन्ही नियम आलेख काढण्यासाठी आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आलेखात रिकामी जागासुद्धा माहिती असते. फिल्टरमध्ये रिकामा टप्पा म्हणजे फुकट गेलेली ओळ.

6 फेब्रुवारी

समान संख्येचे टप्पे. किमती क्रमाने लावायच्या आणि चार सारख्या गटांत कापायच्या. चतुर्थकं 199, 299, 624. खालची हद्द धरून आणि वरची सोडून मोजलं तर 2, 3, 4, 3 अशी वाटणी होते. प्रत्येकी तीन का नाहीत? कारण 199 दोनदा आहे, 299 दोनदा आहे आणि हद्द नेमकी त्या ढिगावर पडली आहे. खऱ्या मालात हे कितीतरी जास्त होतं. किमती 199, 499, 999 अशा ठरावीक आकड्यांवर दाटीवाटीने बसलेल्या असतात, म्हणून पर्सेंटाइल (ठरावीक टक्के नोंदी जिच्या खाली येतात ती किंमत) काढलं की ते हमखास अशाच एखाद्या ढिगावर जाऊन बसतं. ढीग मोठा असेल तर लागोपाठच्या दोन हद्दी एकच निघतात आणि मधला टप्पा शून्य रुंदीचा होतो.

दुसरी अडचण मोजणीची. इलॅस्टिकसर्चमध्ये, म्हणजे आमचा शोध ज्यावर चालतो त्या शोधयंत्रात, पर्सेंटाइल मागितलं की मुळात टी-डायजेस्ट चालतो. टेड डनिंग यांची ही पद्धत थोड्या मेमरीत अंदाज देते, टोकांकडे अचूक आणि मध्याकडे थोडी सैल. कुठल्या वेळी किती क्वेरी (यंत्राला केलेल्या विचारणा) सावकाश चालल्या हे बघायला ती उत्तम. आपल्या अटीत मात्र ‘अंदाज’ हा शब्द बसत नाही. हद्द अंदाजाने ठरली तर चालेल, आकडा अंदाजाने येऊन चालणार नाही. म्हणजे पर्सेंटाइलची एक क्वेरी, मग मिळालेल्या हद्दी घेऊन मोजणीची दुसरी क्वेरी. प्रत्येक शोधाला दोन फेऱ्या. नको वाटतं.

आणि 624 ही हद्द पडद्यावर कशी दिसणार? ‘299 ते 624’ वाचून माणूस विचारणार, 624च का?

7 फेब्रुवारी

जेंक्सची ‘नैसर्गिक तुकड्यांची’ पद्धत कुणीतरी सुचवली. जॉर्ज जेंक्स नकाशाशास्त्रज्ञ होते. नकाशात रंगछटांचे गट पाडण्यासाठी गटाच्या आतला फरक कमीत कमी ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. आपल्या संचावर चार गट मागितले तर 9, 1, 1, 1 अशी वाटणी येते, कारण फरकांचे वर्ग करून घेतलेल्या बेरजेत महागड्या वस्तूंचा आवाज सगळ्यात मोठा असतो. आधी किमतींचा लॉगॅरिदम घेतला तर बरंच सुधारतं. पण हद्दी तरीही वेड्यावाकड्याच राहतात. बाजूला ठेवलं.

मॅजेंटो या ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हाच वाद पर्याय म्हणून मांडलेला आहे: टप्पे आपोआप, किमतीचं अंतर समान ठेवून, टप्पे आपोआप, वस्तूंची संख्या समान ठेवून, किंवा हाताने. तिथे निवड दुकान चालवणाऱ्यावर सोडली आहे. आम्हाला ती कुणावर सोडायची नाही.

10 फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली आणि काम एकदम सोपं झालं.

499 नंतरची पुढची किंमत 999 आहे. या दोघांमध्ये हद्द कुठेही टाकली, 500 वर, 624 वर किंवा 987 वर, तरी दोन्ही बाजूंच्या वस्तू त्याच राहतात. आकडा बदलत नाही. म्हणजे लागोपाठच्या दोन खऱ्या किमतींमधली सगळी जागा आपल्याला मोकळी आहे, आणि तिथला सगळ्यात गोल आकडा निवडायला काहीच खर्च नाही. 624 ऐवजी 500. 199 आणि 249 यांच्यामध्ये 200. 299 आणि 349 यांच्यामध्ये 300. किमती ठरवणारे लोक गोल आकड्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतात, त्यामुळे ढिगाच्या लगेच पुढे गोल आकडा जवळजवळ नेहमीच रिकामा सापडतो. ग्राहकाला भुलवण्यासाठी केलेली युक्ती आमच्या हद्दींना अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

200, 300, 500 या हद्दींनी वाटणी होते 4, 3, 2, 3. परवाच्या 2, 3, 4, 3 पेक्षा ती वाईट नाही आणि वाचायला शंभरपट बरी.

‘गोल’ म्हणजे नेमकं काय, यासाठी पॉल हेकबर्ट यांनी 1990 मध्ये आलेखाच्या अक्षांसाठी मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: 1, 2, 5 आणि त्यांच्या दहाच्या पटी. फिल्टरला तो जरा विरळ पडतो, 200 नंतर थेट 500. आमची यादी अशी ठरवली: 1, 1.5, 2, 2.5, 3, 4, 5, 6, 8 आणि यांच्या दहाच्या पटी. 7 आणि 9 मुद्दाम वगळले. ‘700 ते 900’ असा टप्पा कुणी मनात धरून येत नाही.

11 फेब्रुवारी

कालच्या विचाराचं पुढचं पाऊल. हद्दी जर शेवटी गोलच असणार, तर आधी पर्सेंटाइल काढून मग गोल कशाला करायचं? उलट्या बाजूने जाऊ.

1 पासून 10,00,000 पर्यंत दहाच्या सहा पातळ्या, प्रत्येकीत नऊ हद्दी, म्हणजे 54 कप्पे. दोन्ही टोकांना एकेक उघडा कप्पा. हे कप्पे कायमचे ठरलेले. शोध आला की एकाच रेंज ॲग्रिगेशनमध्ये (हद्दी देऊन मोजणी मागणाऱ्या क्वेरीत) सगळ्या कप्प्यांची मोजणी मागवायची. ही मोजणी अचूक असते, अंदाज नसतो. मग आपल्या कोडमध्ये शेजारचे कप्पे जोडत जोडत चार ते सहा टप्पे बनवायचे. कप्प्यांच्या हद्दी गोल, म्हणून टप्प्यांच्या हद्दीही गोल. कप्प्यांचे आकडे खरे, म्हणून त्यांची बेरीजही खरी. एकच फेरी.

जोडणी कशी करायची, हा प्रश्न डायनॅमिक प्रोग्रामिंगने (छोट्या भागांच्या उत्तरांवरून मोठं उत्तर बांधण्याच्या पद्धतीने) सुटतो. प्रत्येक टप्प्यातली संख्या ‘एकूण भागिले टप्पे’ याच्यापासून किती दूर आहे त्याचा वर्ग घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज कमीत कमी करायची. 54 कप्पे आणि जास्तीत जास्त 6 टप्पे म्हणजे साडेसतरा हजारांच्या आतच पायऱ्या. सर्व्हरला हे जाणवणारही नाही.

बारा किमतींवर हाताने करून पाहिलं. चार टप्पे हवेत, आदर्श प्रत्येकी 3. चार वेगवेगळ्या वाटण्या बरोबरीत येतात: 4-3-2-3, 4-3-3-2, 2-3-4-3 आणि 2-3-3-4. पहिल्या दोन 200 आणि 300 वर कापतात, उरलेल्या दोन 150 आणि 250 वर. बरोबरी सोडवायला गोलपणाचा छोटा दंड लावला: एकाच अंकाने सुरू होऊन पुढे शून्यं असलेल्या हद्दीला दंड नाही, 150 किंवा 250 ला थोडा, आणि तरीही बरोबरी राहिली तर खालची हद्द घ्यायची. उत्तर आलं 200, 300, 500. दंड मुद्दाम लहान ठेवला आहे. मोठा केला तर तो संख्येची वाटणी बिघडवायला लागतो.

एक फट राहते. सगळे निकाल 1,050 ते 1,450 यांच्यातच असले तर ते सगळे 1,000 ते 1,500 या एकाच कप्प्यात सापडतात आणि जोडायला काही उरत नाही. म्हणून नियम: एका कप्प्यात निम्म्याहून जास्त निकाल असतील तर फक्त त्याच कप्प्याचे दहा समान भाग करून दुसरी क्वेरी. पन्नास-पन्नासच्या हद्दी मिळतात. तेवढ्या शोधांना दोन फेऱ्या, बाकीच्यांना एकच.

13 फेब्रुवारी

स्वतःचा फिल्टर स्वतःच्या मोजणीतून वगळणे. ‘300 ते 500’ निवडल्यावर टप्पे पुन्हा त्या निवडीच्या आतच मोजले, तर बाकीचे टप्पे 0 दाखवतात किंवा गायब होतात आणि परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून किंमत-टप्प्यांची मोजणी शोधशब्द आणि बाकी सगळे फिल्टर लावून, फक्त किंमत सोडून. ब्रँडची मोजणी किमतीसह, पण ब्रँड सोडून. प्रत्येकाला आपला स्वतःचा तेवढा माफ.

इलॅस्टिकसर्चमध्ये पोस्ट-फिल्टर याच कामाचा आहे. तो ॲग्रिगेशन मोजून झाल्यावर निकालांना लागतो. फक्त सगळेच फिल्टर पोस्ट-फिल्टरमध्ये टाकले की ब्रँडच्या मोजणीला किंमत लागतच नाही. म्हणून प्रत्येक मोजणीभोवती तिचं तिचं फिल्टर ॲग्रिगेशन गुंडाळलं. सोल्र या दुसऱ्या शोधयंत्रात हेच टॅग लावून आणि मोजताना तो टॅग वगळून होतं, आणि ते लिहायला जास्त सुटसुटीत आहे, हे कबूल करावं लागेल.

17 फेब्रुवारी

हद्दीवरची वस्तू. नेमकी 500 किमतीची वस्तू ‘300 ते 500’मध्ये की ‘500 ते 1,000’मध्ये? इलॅस्टिकसर्चचं रेंज ॲग्रिगेशन खालची हद्द धरतं, वरची सोडतं. सोल्रच्या रेंज फॅसेटचंही मुळातलं वागणं तेच. मोजणीला हे सोयीचं आहे, कारण प्रत्येक वस्तू नेमक्या एकाच टप्प्यात पडते. पण पट्टीच्या तळाशी दोन चौकोन आहेत, ‘किमान’ आणि ‘कमाल’. तिथे 500 टाइप करणाऱ्याला 500 ची वस्तू हवी असते. त्याला ती दाखवली नाही तर तो आपल्याला वेड्यात काढेल, आणि ते बरोबरच असेल.

दोघांना एका भाषेत आणण्यासाठी आतला सगळा हिशोब चलनाच्या लहान एककात, पूर्णांकांत केला. यादीतला ‘300 ते 500’ म्हणजे 30,000 ते 49,999. चौकोनांतला 300 ते 500 म्हणजे 30,000 ते 50,000. दोन्ही टोकं धरून. यानंतर ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ हा घोळ कोडमध्ये एकाच ठिकाणी उरला. दशांश अपूर्णांकही गेले. संगणकाच्या अपूर्णांक साठवण्याच्या आयईईई 754 पद्धतीत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, आणि हद्दीवर तेवढासा फरकसुद्धा एका वस्तूला शेजारच्या टप्प्यात ढकलतो.

मात्र सगळीकडे 100 ने गुणू नका, अशी टीप कोडमध्ये लिहून ठेवली. चलनांच्या आयएसओ 4217 यादीत येनला दशांश स्थान नाही, कुवेती दिनारला तीन आहेत. गुणक चलनावरून घ्यायचा.

पडद्यावर ‘300 ते 499.99’ लिहावं असं एक मत होतं. अचूक आहे, पण वाचवत नाही. ‘300 ते 500’च राहू दिलं.

19 फेब्रुवारी

आजचा विषय खरा किचकट: एकाच वस्तूचे अनेक प्रकार. एक बूट, सात मापं, तीन रंग, आणि किमती वेगवेगळ्या. 280 पासून 520 पर्यंत. तो कोणत्या टप्प्यात मोजायचा?

नेस्टेड रचनेत (वस्तूच्या नोंदीच्या आत तिच्या प्रकारांच्या नोंदी) थेट मोजलं तर ॲग्रिगेशन प्रकार मोजतं, वस्तू नाही. एक बूट एकवीस वेळा. वस्तू मोजायच्या तर आतून बाहेर यावं लागतं, त्यासाठी रिव्हर्स-नेस्टेड आहे. तो लावला की प्रत्येक टप्प्याचा आकडा खरा होतो. पण तोच बूट तीन टप्प्यांत दिसतो आणि टप्प्यांची बेरीज एकूण निकालांपेक्षा जास्त भरते. ते एक वेळ चालेल. न चालणारी गोष्ट वेगळी आहे: 11 तारखेची सगळी पद्धत कप्प्यांची बेरीज करता येते या गृहीतावर उभी आहे. बूट 250 ते 300 या कप्प्यातही आहे आणि 300 ते 400 या कप्प्यातही. दोन्ही जोडले की तो दोनदा मोजला जातो. आकडा क्लिकपेक्षा मोठा निघतो आणि पहिल्या दिवसाची अट मोडते.

प्रकारांचे स्वतंत्र दस्तऐवज करून वस्तूचे वेगळे क्रमांक मोजणारं कार्डिनॅलिटी ॲग्रिगेशन वापरता आलं असतं. पण ते हायपरलॉगलॉग जातीचं, ठरावीक मर्यादेपुढे अंदाज देणारं. पुन्हा अंदाज.

निर्णय दोन भागांत. माप-रंगाचा फिल्टर लावलेला नसेल तेव्हा वस्तूची किंमत म्हणजे तिच्या सगळ्यात स्वस्त उपलब्ध प्रकाराची किंमत. इंडेक्समध्ये (शोधयंत्राच्या नोंदवहीत) ती वेगळ्या खान्यात लिहायची. निकालाच्या चौकटीवर ‘280 पासून’ असं तेच छापलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्यालाही पटतं. माप निवडलेलं असेल तेव्हा कप्प्यांची मोजणी फक्त हद्दी ठरवायला वापरायची, आणि पडद्यावरचे आकडे त्या चार-सहा टप्प्यांच्या वेगळ्या रिव्हर्स-नेस्टेड क्वेरीतून आणायचे. बेरीज जुळणार नाही, पण प्रत्येक आकडा त्याच्या क्लिकशी जुळेल. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर दुसरंच हवं.

20 फेब्रुवारी

सवलती. इंडेक्समध्ये जुनी किंमत आणि चौकटीवर नवी, असं झालं तर ‘500 ते 1,000’मध्ये 480 ची वस्तू उभी दिसते. सवलत सुरू होताना आणि संपताना त्या वस्तूची इंडेक्समधली नोंद बदलण्याचं काम रांगेत टाकलं. गिऱ्हाइकांच्या गटांनुसार वेगळ्या किमती असतील तर प्रत्येक गटाला वेगळा खाना. मोजणी, क्रमवारी आणि चौकट, तिघांनी एकाच खान्यातून वाचायचं, हा नियम रिव्ह्यूच्या यादीत घातला.

24 फेब्रुवारी

चाचणी करणाऱ्या सहकारीने नेमका प्रश्न विचारला: “मी 300 ते 500 निवडलं, मग एक ब्रँड निवडला. निकाल बदलले, हद्दी नव्याने ठरल्या, आता यादीत 250 ते 400 आहे. माझी खूण कुठे गेली?”

टप्पे निकालांबरोबर बदलतात हाच या कामाचा गाभा, आणि तोच इथे अंगावर येतो. किंमत निवडलेली असताना हद्दी गोठवून ठेवायच्या, हा सोपा उपाय. पण ब्रँड निवडल्यावर सगळा माल 5,000 च्या पुढे गेला तर गोठलेली यादी निरुपयोगी होते.

त्याऐवजी निवडलेल्या टप्प्याच्या दोन्ही हद्दी सक्तीच्या केल्या. जोडणी करताना 300 आणि 500 इथे कापणं बंधनकारक आणि त्या दोघांच्या मध्ये कापायला मनाई. बाकीच्या हद्दी मोकळ्या. कप्पे कायमचे असल्यामुळे 300 आणि 500 नेहमीच उपलब्ध असतात. यादी नव्या मालाशी जुळते आणि खूण जागच्या जागी राहते. रिकामे टप्पे दाखवायचे नाहीत, या नियमाला इथे एकच अपवाद: निवडलेला टप्पा रिकामा झाला तरी 0 लिहून दाखवायचा, नाहीतर तो काढायचा कसा?

चौकोनांत टाइप केलेली 275 ते 430 सारखी निवड कप्प्यांत बसत नाही. ती यादीत घुसवायची नाही. निकालांच्या वर वेगळी पट्टी म्हणून दाखवायची आणि यादी आपली नेहमीसारखी.

पत्त्यात निवड लिहिताना ‘तिसरा टप्पा’ असं लिहायचं नाही. आजचा तिसरा उद्या दुसराच असेल. किमान आणि कमाल, दोन्ही लहान एककात. जतन केलेला दुवा महिन्यांनी उघडला तरी त्याच किमती दाखवतो.

26 फेब्रुवारी

स्लायडर हवा की यादी, यावर बैठक. डिझायनरला दोन मुठींचा स्लायडर हवा होता, वर छोटे स्तंभ. दिसायला छान असतो, नाकारत नाही. आक्षेप मांडले. एचटीएमएलच्या रेंज इनपुटला एकच मूठ असते, दुसरी आपल्याला बांधावी लागते आणि कीबोर्ड, स्क्रीन-रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) यांची जबाबदारीही मग आपली. सरळ मोजपट्टीवर निम्म्याहून जास्त माल डाव्या कोपऱ्यातल्या बोटभर जागेत येतो, म्हणून मोजपट्टी लॉगॅरिदमची करावी लागते आणि ती लोकांना उमगत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब-सुलभतेच्या निकषांमध्ये एए या मधल्या पातळीवर अशी अटच आहे की जे ओढून होतं ते न ओढता, नुसत्या टिचकीनेही करता आलं पाहिजे. म्हणजे स्लायडर केला तरी चौकोन लागणारच. आणि स्लायडर ‘इथे किती आहेत’ हे आधी सांगत नाही, यादी सांगते.

यादी आणि खाली दोन चौकोन, असं ठरलं. एका वेळी एकच टप्पा निवडता येईल. निवड बदलल्यावर निकालांची नवी संख्या स्क्रीन-रीडरला कळावी म्हणून ती ओळ एरिया-लाइव्हमध्ये (बदल आपोआप वाचून दाखवायला सांगणाऱ्या खुणेत), ‘पोलाइट’ म्हणजे चालू वाचन न तोडणारी ठेवून.

3 मार्च

वेग. इलॅस्टिकसर्चची शार्ड रिक्वेस्ट कॅश (आधी काढलेल्या उत्तरांचा साठा) मुळात फक्त शून्य निकाल मागणाऱ्या क्वेरी साठवते. म्हणून मोजणी निकालांपासून वेगळी काढून शून्य-आकाराच्या क्वेरीत ठेवली. निकालांची पानं उलटताना किंवा क्रमवारी बदलताना मोजणी तीच राहते, ती कॅशमधून येते. आपल्या बाजूच्या कॅशच्या किल्लीत शोधशब्द, किमतीशिवायचे फिल्टर आणि गिऱ्हाइक-गट. किंमत निवडलेली असो वा नसो, कप्प्यांचे आकडे तेच. सक्तीच्या हद्दी त्यानंतरच्या जोडणीत येतात.

ॲडमिनच्या शोधाला इलॅस्टिकसर्च नाही, थेट पोस्टग्रेस डेटाबेस आहे. तिथे विड्थ-बकेट फंक्शनला हद्दींचा ॲरे देता येतो, 9.5 आवृत्तीपासून. ॲरे चढत्या क्रमाने हवा, खालची हद्द धरली जाते, पहिल्या हद्दीखालच्यांना 0 मिळतो. तेच 54 कप्पे, त्यावर ग्रुप-बाय (गटवार मोजणी), आणि पुढचा जोडणीचा कोड दोन्हीकडे एकच.

5 मार्च

कडेच्या गोष्टी एका बैठकीत उरकल्या. सगळ्या निकालांची किंमत एकच असेल तर फिल्टर दाखवायचा नाही. निकाल इतके थोडे असतील की एका पडद्यात मावतात, तरी नाही. शेवटचा टप्पा नेहमी ‘व अधिक’, म्हणजे 18,999 च्या एका वस्तूमुळे हद्द ताणली जात नाही. किंमत न लिहिलेल्या वस्तू कुठल्याच टप्प्यात नाहीत. किंमत निवडली नसताना त्या निकालांत दिसतात, निवडली की जातात. शून्य किंमत ही खरी किंमत आहे, रिकामी नोंद नाही. सगळ्यात खालचा उघडा कप्पा त्यासाठीच.

चाचण्या ठरावीक उदाहरणांवर न लिहिता यादृच्छिक किमती निर्माण करून लिहिल्या. हद्दी काटेकोरपणे चढत्या आहेत, न निवडलेला एकही टप्पा रिकामा नाही, प्रकार नसताना टप्प्यांची आणि किंमत नसलेल्या वस्तूंची बेरीज एकूण निकालांइतकी आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर खरोखर क्लिक केल्यासारखी क्वेरी चालवली तर तेवढेच निकाल येतात. शेवटची चाचणी सावकाश चालते. तरीही तीच सगळ्यात वरची ठेवली आहे. प्रकार असलेल्या वस्तू आणि मापाचा फिल्टर एकत्र देऊन तिला जास्तीत जास्त छळलं.

10 मार्च

प्रकाशनाआधीचं राहिलेलं. किमान-कमाल पत्त्यात असल्यामुळे शोधयंत्रांच्या क्रॉलरला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) एकाच पानाचे अगणित पत्ते दिसू शकतात. किंमत असलेले पत्ते रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) बंद केले. जुन्या टप्प्यांचे दुवे अजून लोकांकडे आहेत. त्यांतला टप्पा-क्रमांक जुन्या सेटिंगवरून किमान-कमालमध्ये बदलून पुढे पाठवायचा. ती जुनी फाइल म्हणून अजून काढता येत नाही. तिच्यात आता काही वाढवू नये, अशी ओळ तिच्या माथ्यावर लिहिली आणि या कामाच्या कोडची शाखा मुख्य कोडमध्ये मिसळली.